नजीबाची इयत्ता

मी गणित शिकवते. उशिरा येणारी मुलं, मळक्या वह्या आणि 'मिस, हे एक्झामला आहे का?' हा प्रश्न, या तिन्हींनी माझं डोकं फिरतं. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या शाळेत मुलं माझ्या मागे मला 'डिव्हायडर' म्हणतात, दोन्ही बाजूंनी टोचणारी म्हणून. मला सगळं माहीत आहे. अशा बाईचा जीव एका मुलीत अडकला, आणि तिला मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

तिचं नाव नजीबा. ती काबूलमध्ये होती. तिची आत्या जैनब इथे, बर दुबई भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, आणि मला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायची. शहाण्णव साली काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा नजीबा चौदा वर्षांची होती, आठवीत होती. मुलींच्या शाळांना कुलपं लागली. तिच्या शाळेतल्या बाई घरात बसल्या, आणि बरोबर पुरुष असल्याशिवाय बाहेर पडायची चोरी झाली. जैनब पूर्वी काबूलच्या बँकेत होती. चहा पिताना मध्येच थांबून सांगायची, "बाजी, मेरी अपनी मेज थी." एवढंच. पुढे काही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ती एक कागद घेऊन आली. पुठ्ठाच होता तो, सिगारेटच्या खोक्याचा. त्यावर पेन्सिलीनं सोडवलेलं बीजगणिताचं उदाहरण होतं.

"भतीजी ने भेजा है. ठीक है?"

उत्तर बरोबर होतं, पण रीत अशी की सरळ रस्ता सोडून साऱ्या गावाला वळसा. माझा पारा चढला.

"किसने सिखाया ये?"

"किसी ने नहीं. किताब खत्म हो गई, तो खुद सवाल बनाती है, खुद करती है."

झालं. मी अडकले ती तिथे.

जैनबचा नवरा हनीफ गाड्यांचे सुटे भाग घेऊन दर दोन महिन्यांनी काबूलला जायचा. घरच्यांसाठी मीना बाजारातून ड्रेसचं कापड न्यायचा. त्या कापडाच्या घडीत माझी नववीची उदाहरणं जायला लागली. मी इंग्रजीत लिहायचे, जैनब प्रत्येक ओळीखाली त्यांच्या भाषेत उतरवायची, एक शब्द गाळायची नाही. नजीबाच्या आईला सगळं ठाऊक होतं, पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. बापाला काहीच ठाऊक नव्हतं. तो फार घाबरट माणूस होता, आणि त्यांच्या गल्लीत तेव्हा घाबरण्यासारखंच होतं.

मुलगी दहा सांगितली तर पंधरा उदाहरणं सोडवून पाठवायची. कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रश्न असायचे. तुमच्या वर्गातल्या मुली मोठ्यानं हसतात का? मी लिहिलं, फार. पुढच्या खेपेला विचारलं, मग तुम्ही त्यांना रागावता का? मी लिहिलं, रोज. त्यावर तिनं लिहिलं, 'मलाही रागवा.' तो कागद मी शाळेच्या पर्समध्ये ठेवला आणि मधल्या सुट्टीत काढून वाचत राहिले. इतकी ओढ मला माझ्या पोटच्या पोरीच्या पत्रांची वाटली नव्हती, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

डिसेंबरात नववीची सहामाही झाली. तोच पेपर मी आधीच्या खेपेला नजीबाकडूनही सोडवून घेतला होता. तिला चाळीसपैकी अडतीस. माझ्या सबंध वर्गात कुणाला तेवढे मिळाले नव्हते. जेवणाच्या टेबलावर नववी 'क'चे बेचाळीस पेपर आणि त्यात तिचा, असा गठ्ठा घेऊन बसले. आमच्या शाळेचा नियम आहे, तपासलेल्या पेपरवर पालकांची सही घेऊन यायचं. त्याचा रबरी शिक्का असतो. हात यंत्रासारखा चालतो, ठप, ठप, ठप. बेचाळीसवर मारला तसा त्रेचाळिसाव्यावरही मारला. आणि जैनबनं नेहमीच्या इमानदारीनं त्याच्याखाली भाषांतर लिहिलं.

फेब्रुवारीत हनीफ परतला तो रिकाम्या हातानं. जैनब दारातच रडायला लागली.

"बाप के पास ले गई, बाजी. दस्तखत के लिए. मैंने सोचा था, आपके यहाँ जरूरी होगा, भाभी अंगूठा लगा देगी."

पण नजीबाला वाटलं, शाळेचा नियम आहे म्हणजे ही खरी शाळा आहे. खऱ्या शाळेत बापच सही करतो. बापानं सगळे कागद तंदुरात घातले आणि महिन्याभरात तिचं लग्न लावून टाकलं, गझनीकडे कुठेतरी.

"आई, यू कुडन्ट हॅव नोन," माझी मुलगी तनया फोनवर म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. कळायला हवं होतं मला. वीस वर्षं मुलांना सांगतेय, लिहिलेलं आधी नीट वाचा.

त्यानंतर दर सहामाहीला मी प्रश्नपत्रिकेची एक प्रत जास्त काढत राहिले. कशासाठी, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये जैनब काबूलला गेली. तालिबान गेले होते, मुलींच्या शाळा उघडल्या होत्या. तिथून तिचा फोन आला, खरखरीत आवाज. नजीबा भेटायला आली होती, शेजारी उभी होती. दोन मुलं होती तिला.

"बाजी, कुछ पूछती है. दस्तखत नहीं मिला, इसलिए आपने उसे दसवीं में नहीं लिया?"

तीन वर्षं ही मुलगी हेच धरून बसली होती. दहावी कुठली, शाळा कुठली; माझं जेवणाचं टेबल होतं ते. आणि सही लागतच नव्हती. पण ते सांगायचं म्हणजे तिला सांगायचं, की तू बापापुढे उगीच गेलीस.

अर्ध्या मार्कासाठी मुलांना रडवणारी मी.

"उससे कहो, ले लिया है. दसवीं के रजिस्टर में नाम है उसका."

असं कुठलंही रजिस्टर नाही, हे जैनबला माहीत होतं. तरी तिनं ते नजीबाला सांगितलं.

पलीकडून एक मुलगी भराभर काहीतरी बोलायला लागली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या कल्पनेपेक्षा तो बराच जाड होता.

"कहती है, नाम मत काटिएगा," जैनब म्हणाली. "छोटा जरा चलने लगे, फिर आती हूँ."

"नहीं काटूँगी," मी म्हटलं.