उसन्या खाचराचा बांध

सगळे ज्याच्या पाठीवरून चालतात आणि ज्याची चौकशी कुणी करत नाही, तो मी बांध बोलतोय.

मी कासामांस नदीच्या खाडीकाठचा. माझ्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचं खाचर. बेनुआ सांबूच्या आजानं खारफुटी तोडली, तिचेच खुंट चिखलात ठोकले आणि मला उभं केलं. आमच्या गावची रीतच आहे, बांधाला खुंट ठोकील त्याची जमीन.

पुढे ते खुंट कुजले. बेनुआची मुलं शहरात गेली, खाचर ओस पडलं. मग यासंत आणि ओदिल या नवराबायकोनं ते उसनं मागितलं. दरवर्षी पेरणीआधी यासंत एक कोंबडा घेऊन बेनुआच्या दारी जायचा. म्हाताऱ्यानं कोंबडा ठेवून घेतला, की जमीन वर्षभर कसायला मिळाली. परत केला, की विषय संपला.

वर्षाच्या बोलीवर दिलेल्या बांधाचे हाल मला विचारा! यासंत कामचुकार नव्हता, पण माझ्यावर चिखल थापण्यापलीकडे काही करायला धजत नव्हता. खेकडे मला पोखरायचे. ओदिल येता-जाता त्यांची बिळं टाचेनं दाबायची. तरी खारं पाणी झिरपायचं आणि कडेचं भात करपायचं.

"अहो, खुंट ठोका की एकदाचे!" ओदिल म्हणायची.

"वेडी की काय! जमीन बळकावली म्हणून म्हातारा गावभर बोंब मारेल."

"आणि पोरांच्या पुढ्यात काय वाढू? तुमची अब्रू?"

एका वर्षी भात पोटरीला आलं आणि पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी माझ्या कुशीला भगदाड पडलं. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? यासंतनं मागचापुढचा विचार न करता खारफुटीचे खुंट आणले आणि दणादण ठोकले. पाणी थोपलं. तेवढ्यात काठी टेकत बेनुआ आला.

"काय रे, कोंबडा देऊन मागितलीस आणि आता खुंट मारून घेतोस होय? उपट ते!"

यासंतची मान खाली गेली. ओदिल मात्र चिखलातून वर आली आणि तिनं लाकडी मोगर म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, तुम्हीच ठोका. खुंट तुमचे, जमीन तुमची. फक्त आज उपटू नका, भात मरेल."

बेनुआनं काठी बाजूला ठेवली. मग त्यानं प्रत्येक खुंटावर एकेक घाव घातला आणि मोगर तिथंच टाकून निघून गेला. त्या वर्षी कडेचंसुद्धा भात पिकलं. ओदिलनं नवा भात शिजवून म्हाताऱ्याकडे पहिली वाटी पाठवली.

पुढच्या पेरणीला यासंत कोंबडा घेऊन गेला, तो कोंबडा काखेत घेऊनच परतला.

"आता बांध पक्का झालाय," बेनुआ म्हणाला होता. "माझा मुलगा येईल कसायला."

मुलगा अजून आलेला नाही. जन्मात कधी नव्हतो इतका मी आज मजबूत आहे, आणि माझ्यामागे नुसतं गवत माजलंय. मला याची लाज वाटते. जमीन कुणाचीही असू दे, पण चिखलात उतरणाऱ्याला चार वर्षांचा तरी भरवसा द्या. मग बांध आपोआप टिकतात.

ओदिल आता पलीकडचं दुसरं उसनं खाचर करते. तिकडे जायची वाट माझ्यावरूनच आहे. आज सकाळी माझ्या पाठीवर तिला खेकड्याचं बीळ दिसलं. ती थांबली, टाचेनं ते दाबलं आणि पुढे गेली.