पहिला बाद

आईने बोटावर थोडी टूथपेस्ट घेतली आणि भिंतीवरच्या जांभळ्या घोड्याच्या पायांवर गोल गोल चोळायला सुरुवात केली. घोडा पिटुकलीने मेणाच्या खडूने काढला होता, तोही नेमका सोफ्याच्या वर, आल्यागेल्याची पहिली नजर पडेल अशा जागी. सूनबाईने साबणाने घासून पाहिलं होतं, तेव्हा घोडा गेला तर नाहीच, उलट अंगाने भरला. आईने ओल्या फडक्याने हलका हात फिरवला आणि घोड्याचे दोन पाय दिसेनासे झाले.

शेजारी स्टुलावर उभा राहून ढब्बू फुगे बांधत होता. ढब्बू म्हणजे आईचा मुलगा, पिटुकलीचा बाबा. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून पडलेलं नाव. आता चाळिशी उलटली, अंगावर मूठभर मांस उरलं नाही, केस कपाळ सोडून मागे निघाले आणि ऑफिसात लोक त्याला साहेब म्हणतात. पण आई घरात आली की साहेबांचा ढब्बू होतो, त्याला इलाज नाही.

आई परवा आली होती ती नातीच्या सातव्या वाढदिवसासाठी, आणि आल्या आल्या तिने घर ताब्यात घेतलं. सूनबाई फरशी पुसायला बसणार, तोच आईने बादली उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवली. पार्टीच्या आधी फरशी पुसायची नसते, नंतर पुसायची; आधी फक्त पोरांच्या नाकाच्या उंचीपर्यंतचं साफ करायचं, हे तिचं शास्त्र. सरबत अर्धाच पेला भरायचं, म्हणजे सांडलं तरी अर्धंच सांडतं. गालिच्यावर मेणबत्तीचं मेण पडलं तर पाणी ओतायचं नाही, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, मेण मुकाट्याने कागदात येतं. काचेच्या कपाटाची दारं तिने वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने अशी चकचकीत केली की सूनबाईने जाता जाता त्यात बघून केस सारखे केले. सासू आल्यामुळे खूश झालेली सून बघायची असेल, तर त्या दिवशी त्या घरी जायला हवं होतं.

हे शास्त्र आईने कुठल्या मासिकात वाचलं नव्हतं. ढब्बूच्या लहानपणी ती घरातच पाळणाघर चालवायची. त्याचे वडील सतत फिरतीवर, घर दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत नोकरीवर जाणाऱ्या आयांची पोरं. एक रांगतंय, एक खडू खातंय, एक दाराला लोंबकळून भोकाड पसरतंय. सगळी तिला मावशी म्हणायची. सगळी म्हणतात म्हणून ढब्बूही मावशीच म्हणायचा. शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आई काय करते रे, तर पठ्ठ्याने सांगून टाकलं की मला आई नाही, मावशी आहे. बाई बिचाऱ्या डोळे पुसत घरी आल्या, आणि मावशीला बघून त्यांना काय बोलावं ते सुचेना. ही गोष्ट घरात अजून सांगतात आणि अजून हसतात.

ढब्बूही हसायचा. पण त्या घरात तो एकटाच असा होता की ज्याला संध्याकाळी न्यायला कुणी यायचं नाही. मांडीवर बसायचं असो, झोक्यावर बसायचं असो नाहीतर भरवून घ्यायचं असो, त्याचा नंबर शेवटचा. सुरुवातीला त्याने हट्ट करून पाहिला. तेव्हा आई त्याला बाजूला घेऊन समजावायची, की बाळा, त्यांची आई संध्याकाळी येणार, तुझी तर इथंच आहे. यावर काय बोलणार? मुद्दा बिनतोड होता. ढब्बू समजूतदार झाला. समजूतदार मुलाचं सगळे फार कौतुक करतात आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

आणि तरीही, फुगे बांधता बांधता त्याला त्या खोल्यांची विलक्षण आठवण येत होती. पावडर, उतू गेलेलं दूध आणि वाळत घातलेली दुपटी यांचा मिळून एक वास होता, तो पुन्हा कुठे आला नाही. दुपारी सगळी पोरं ओळीने झोपली की आई त्यांच्यामधून पाय न वाजवता चालायची. त्याचा वाढदिवस याच पोरांबरोबर व्हायचा. रंगीत कागदाच्या टोप्या, घरी भाजलेला एका बाजूला बसलेला केक, आणि केक कापण्याआधी खुर्चीचा खेळ. खिडकीत टेपरेकॉर्डर असायचा. आई पोरांकडे पाठ करून, खिडकीच्या काचेकडे तोंड करून बसायची आणि मनाला येईल तेव्हा गाणं थांबवायची.

आणि दरवर्षी पहिला बाद व्हायचा ढब्बू. एखाद्या वर्षी होतं माणसाचं, पण दरवर्षी? तो काही मंद नव्हता. हे मुद्दाम चाललंय हे त्याला लवकरच कळलं, आणि का चाललंय तेही त्याने स्वतःच जुळवलं. दारात पोरांच्या आया उभ्या असायच्या. त्यांच्या पैशांवर घर चालायचं. त्यांच्यादेखत घरच्याच पोराने बक्षीस मारलं तर बरं दिसलं नसतं. ढब्बूने हे कधी बोलून दाखवलं नाही. तो तोंड फुगवून आईशेजारी ट्रंकेवर जाऊन बसायचा आणि केक कापेपर्यंत तिथंच बसून राहायचा. लोकांची पोरं जिंकायची आणि टाळ्या त्यालाही वाजवाव्या लागायच्या. बाकी सगळं त्याने आईला कधीच माफ केलं होतं, हे एवढं राहून गेलं होतं.

म्हणून तर पिटुकलीचं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पोरगी तंद्रीत राहणारी. गाणं सुरू झालं की ती ते ऐकतच बसते, आणि थांबलं की का थांबलं याचा विचार करत उभी राहते, तोवर खुर्च्या संपलेल्या असतात. वर्गातल्या कुणाच्याही वाढदिवसाला गेली की पहिली बाद हीच. मागच्या खेपेला घरी येऊन तिने शहाण्यासारखं सांगितलं होतं की मला तो खेळ येत नाही, माझ्या पार्टीत तो नको. रडली असती तर बरं झालं असतं, असं ढब्बूला वाटलं. त्याने तिला जवळ घेऊन वचन दिलं की खेळ होणार आणि या घरात तूच जिंकणार. गाणं मी लावणार, मी थांबवणार, तू फक्त बाबाकडे बघ. त्याने आपल्या परीने सगळा बेत आखून ठेवला होता.

पण बेताला पाय फुटायला वेळ लागत नाही. पोरं आली, चपलांचा ढीग झाला, अर्धे पेले सांडले, खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या गेल्या, आणि नेमकी तेव्हाच सूनबाईने स्वयंपाकघरातून हाक मारली. केक एवढा मोठा निघाला होता की फ्रीजमधून काढायला तिला एकटीला जमेना. ढब्बूने घाईघाईने फोन आईच्या हातात दिला, कुठे दाबलं की गाणं थांबतं ते दाखवलं आणि कानाशी वाकून बजावलं की पिटूला जिंकवायचं, पहिल्या फेरीत तर मुळीच बाद करायचं नाही, माझं वचन आहे तिला.

“बरं,” आई म्हणाली.

केक धरून तो आणि सूनबाई दारात आले तेव्हा गाणं रंगात आलं होतं. आई पोरांकडे पाठ करून दिवाणावर बसली होती, तोंड कपाटाकडे. सकाळी तिनेच चकचकीत केलेल्या काचेत अख्खी खोली दिसत होती, फुगे, खुर्च्या, फिरणारी पोरं. ढब्बूला काचेत तिचे डोळे दिसले. ते पिटुकलीच्या मागे मागे फिरत होते. त्याचा जीव भांड्यात पडला. मग पिटुकली ओळीच्या टोकाला, खुर्च्यांपासून सगळ्यात लांब पोचली आणि आईने बोट दाबलं.

पोरांनी गलका केला, पिटू बाद, पिटू बाद. पिटुकलीचा खालचा ओठ थरथरायला लागला. केक हातात नसता तर ढब्बू धावला असता. पण आईने मागे न बघताच डावा हात बाहेर काढला, आणि पोरगी निमूटपणे जाऊन त्या हाताखाली शिरली. आईने फोन तिच्या मांडीवर ठेवला. आता तू थांबवायचं, असं काहीसं ती म्हणाली असावी, कारण पिटुकलीने डोळे पुसले आणि जीभ बाहेर काढून बोट सरसावलं.

थोड्या वेळाने सरबताचा जग भरायला आई स्वयंपाकघरात आली. ढब्बू तिथेच उभा होता, ओट्याला टेकून, मुठी आवळून.

“मुद्दाम केलंस,” तो हळू आवाजात म्हणाला.

“हो.”

ती नाही म्हणेल आणि मग आपण भांडू, अशी त्याची तयारी होती. ते सरळ हो ऐकलं आणि इतकी वर्षं साठलेलं भसकन बाहेर आलं.

“माझ्या वेळीही मुद्दामच करायचीस. लोकांची पोरं जिंकावीत म्हणून. मला कळत होतं, आई. सगळं कळत होतं.”

आईने जग खाली ठेवला. ती खरोखरच चकित झाली होती.

“लोकांच्या पोरांसाठी?” ती म्हणाली. “अरे, तू माझ्याजवळ यायचाच नाहीस. मांडी रिकामी झाली तरी आपला दाराशी उभा. हाक मारली तर म्हणायचास, मावशी, तिला घे, ती रडतेय. मीच तुला तसं शिकवून ठेवलेलं, मग उलटं कुठल्या तोंडाने सांगू? बाद झालास की मात्र येऊन बसायचास. फुगलेल्या तोंडाने का होईना, केक कापेपर्यंत बसायचास.”

तिने ओट्यावर सांडलेले थेंब पदराने टिपले. पदराने ओटा पुसायचा नाही, हाही तिचाच नियम.

“पहिल्याच फेरीत बाद केलं की जास्त वेळ मिळायचा,” ती म्हणाली.

ढब्बूला ट्रंक आठवली, खिडकी आठवली, आणि केसांतून फिरणारा हात आठवला. तो हात त्याच्या कायम लक्षात होता. आपण रडू नये, आयांसमोर तमाशा होऊ नये, म्हणून तो फिरतोय अशीच त्याची समजूत होती.

“ही पण तुझ्यावर गेलीय,” आई म्हणाली. “आजी दमलीय, आजीला काम आहे म्हणून दोन दिवस लांबूनच बघतेय. उद्या सकाळी माझी गाडी. तुझं वचन मोडलं रे, चुकलंच माझं.”

तिने जग उचलला तेव्हा ढब्बूने तो तिच्या हातातून घेतला आणि तो तिच्या मागोमाग बाहेर आला.

बाहेर पोरांचा खेळ संपून एक दात पडलेला मुलगा जिंकला होता, आणि आता मोठ्यांनी खेळायचं म्हणून पोरांनी कालवा केला होता. सूनबाई पदर खोचून तयार झाली. शेजारचे काका आढेवेढे घेत, पोट सांभाळत उठले. न्यायला आलेल्या दोन-तीन आईबापांना पोरांनीच ओढून आणलं. ढब्बूलाही कुणीतरी ढकललं. गाणं थांबवायचं काम पिटुकली सोडायला तयार नव्हती. ती आजीला चिकटून बसली होती, पाय हलवत, स्वतःशीच गात, आणि आपण जिंकलो नाही हे ती साफ विसरून गेली होती.

गाणं सुरू झालं. एवढी मोठी माणसं, पण धक्के लहान पोरांसारखेच मारत होती. वळणावर ढब्बूने कपाटाकडे पाहिलं. आई वाकून पिटुकलीच्या कानात काहीतरी सांगत होती. सांगून झाल्यावर तिने मान वर केली आणि काचेतून ती थेट त्याच्याकडे बघत राहिली.

तो पुढे सरकला. ओळीच्या टोकाला, भिंतीपाशी, खुर्च्यांपासून सगळ्यात लांब पोचला आणि गाणं थांबलं.

एक खुर्ची अजून रिकामी होती. ती फार दूरही नव्हती आणि शेजारचे काका अजून वळतच होते. एक ढांग टाकली असती तर मिळाली असती. ढब्बू बाजूला झाला आणि त्याने काकांना बसू दिलं.

बाबा बाद, बाबा पहिला बाद, म्हणून पोरांनी घर डोक्यावर घेतलं. तो दिवाणाकडे गेला. एका बाजूला पिटुकली होती, दुसऱ्या बाजूला उशा आणि पोरांच्या टोप्या. आईने टोप्या उचलून मांडीवर घेतल्या आणि जरा सरकली. तो तिच्या शेजारी टेकला, अंग चोरून, आणि मग नीट बसला.

पिटुकलीने पुन्हा गाणं लावलं. अजून खुर्च्या बऱ्याच होत्या. केक कापायला वेळ होता.