निम्मी टाकी

या नगरपालिकेत आजवर एकही खोटी सही झालेली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येतं. सह्या सगळ्या अस्सल आहेत. ज्याची त्याने, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या पेनाने केलेल्या. खोटं जे काही असतं ते सहीच्या वरच्या मजकुरात असतं, आणि तो मजकूर नेहमी दुसऱ्याच कुणीतरी टाइप केलेला असतो.

शहर अभियंत्याने पाण्याच्या टाकीच्या दाखल्यावर केलेली सहीही अशीच अस्सल होती. ‘उंच टाकीची पाहणी केली. गळती आढळली नाही. टाकी सुस्थितीत आहे.’ यातली पहिली दोन वाक्यं तर शब्दशः खरी होती. त्याने पाहणी केली होती, आणि गळती नव्हती. गळती नव्हती, कारण ती टाकी निम्म्याच्या वर कधी भरतच नसे. जुनी जलवाहिनी तेवढंच पाणी कसंबसं वर चढवी आणि दमून थांबे. निम्म्याच्या जरा वर काँक्रीटचा एक जोड टाकीला पट्ट्यासारखा वेढून गेला होता. फार पूर्वी बांधकाम मध्येच बंद पडलं, नंतर कधीतरी पुन्हा सुरू झालं, त्याची ती खूण. त्या जोडाला आजवर पाणी शिवलंच नव्हतं. ज्या भांड्यात पाणी ओतलंच नाही ते गळत नाही, एवढाच काय तो शोध अभियंत्याने लावला होता.

असा दाखला द्यायची वेळ आली ती शीर्षामुळे. सरकारी पैसा नुसता येत नाही, कुठल्या तरी नावाखाली येतो. त्या नावाला शीर्ष म्हणतात. त्या वर्षी ‘नवी जलवाहिनी’ हे शीर्ष उघडं होतं आणि ‘नवी टाकी’ हे बंद. शहराला गरज टाकीची होती. पण घरात ताप आलेला असताना बाहेर चष्मे फुकट वाटत असतील, तर माणूस चष्म्याच्या रांगेत जाऊन उभा राहतोच. नगरपालिकेने जलवाहिनी मागितली. वरून अट आली की आहे ती टाकी सुस्थितीत असल्याचा दाखला जोडा, नाहीतर निधी विसरा. अभियंत्याने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला, आणि चहा पिऊन झाल्यावर त्याच तोंडाने दुसरं काहीतरी बोलावं असं वातावरण तयार झालं.

तेव्हा त्याला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. ठेकेदार मध्येच गायब होईल, कुणीतरी कोर्टात जाईल, पाइप उघड्यावर गंजतील आणि आपण सुखाने निवृत्त होऊ, असा त्याचा अनुभवाने पक्का झालेला विश्वास होता. पण या शहरात कधी नव्हे ते घडलं. काम पुरं झालं, आणि नवी जलवाहिनी टाकी काठोकाठ भरू शकत होती.

आणि टाकीच्या खांबांना अगदी खेटून, गल्लीच्या तोंडाशी, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

“टाकी ओसंडली पाहिजे,” आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे नगराध्यक्ष. “मंत्री येणार, कळ दाबणार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वरून पाणी सांडायला हवं. जमिनीखालचा पाइप फोटोत येत नाही हो.”

“कळ दाबल्यावर भरायला निम्मा दिवस जाईल, आप्पा.”

“म्हणून तर सकाळपासून भरायची. त्यांनी कळ दाबायची, वरून धार पडायची. बास.”

“मी काय म्हणतो, पहिल्या दिवशी निम्मीच ठेवू. पंप नवा आहे, जरा सवय होऊ दे.”

“पंप आहे का नवा जावई, लाजायला?” आप्पा स्वतःच्याच विनोदावर खुर्चीसकट हलले.

“टाकी जुनी आहे, एवढंच.”

आप्पांचं हसू जागच्या जागी राहिलं. फक्त त्याच्यामागचा माणूस आत निघून गेला.

“जुनी आहे. पण सुस्थितीत आहे. हे मी नाही म्हणत, तुम्ही म्हणालात. निधीचा शेवटचा हप्ता त्या एका वाक्यावर लोंबकळतोय. मंत्र्यांनी पाणी बघितलं की तो सुटला. आता तुम्हाला काही बोलायचंच असेल तर बोला, मी कोण अडवणारा? फक्त आधीचं खोटं होतं की आताचं, तेही सांगून टाका. लोक विचारतात.”

अभियंत्याने समोरची फाइल मिटली.

“चहा घेणार?”

“नको.” चहाला नाही म्हणण्याइतकी हिंमत त्याला आता आली होती.

ताई टाकीच्या सावलीत राहायची, आणि हे काही अलंकारिक बोलणं नव्हे. दुपार कलली की टाकीची सावली तिच्या गच्चीत येऊन बसे ती दिवस मावळेपर्यंत उठत नसे. त्यामुळे घरातले कपडे कायम दमट आणि भाऊजी कायम सर्दीने बेजार. खांबांचे पोपडे सुटून गच्चीत पडत, ताई ते केरात काढी. हल्ली त्या पोपड्यांच्या आतल्या बाजूला लाल गंज चिकटलेला असे. केरसुणीपुढे जमलेल्या त्या लालसर राशीतला एक पोपडा अभियंत्याने उचलून बोटांत चुरडून पाहिला. खांबाच्या आतली सळई किती उरली असेल याचा हिशेब त्याने मनातल्या मनात सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

“ताई, तुम्ही दोघं थोडे दिवस माझ्याकडे चला. हवापालट होईल.”

“अरे बारक्या, तू राहतोस पलीकडच्या गल्लीत. तिथली हवा काय परदेशातून मागवतात?” अभियंत्याला पोट सुटलं होतं, टक्कल पडलं होतं, कचेरीत माणसं त्याच्यासमोर उठून उभी राहत, ताईच्या लेखी तो अजून बारक्याच होता.

“अगं, कार्यक्रम आहे. गर्दी होईल, गाड्या येतील, पोलीस.”

“मग तर मी हलतच नाही,” भाऊजी नाक पुसत म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची न सोडता मंत्री दिसणार आहे.”

ताईने केरसुणी भिंतीला टेकवली. “खरं सांग. पडणार आहे का ती?”

“तसं काही नाही.”

“मग कसं आहे?”

“पूर्ण भरली तर… सांगता येत नाही.”

“सुस्थितीत आहे म्हणून सही तुझीच ना? कळलं होतं मला. म्हटलं, माझा भाऊ आहे, म्हणजे नीट बघूनच केली असणार.”

हा टोमणा होता की भोळेपणा, हे त्याला लहानपणापासून कधीच ओळखता आलेलं नव्हतं.

“म्हणून तर म्हणतोय, चल.”

“चलते की. पण शेजारणीला काय सांगू? तिच्या सुनेला सातवा लागलाय. समोरच्या शिंप्याला काय सांगू? माझा भाऊ इंजिनिअर आहे म्हणून मी निघाले, तुमचं कुणी नसेल तर बसा इथंच?” तिने पुन्हा केरसुणी उचलली. “सगळ्यांना सांग. सगळे निघाले की त्यांच्या मागून मी निघते. सांगायचं नसेल तर हे धर आणि तो कोपरा तेवढा झाडून काढ.”

त्याने कोपरा झाडून काढला. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेपासून पंप चालू होता. रिकामी टाकी भरताना घुमते, आणि ते घुमणं गल्लीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याशिवाय तान्ही मुलं झोपत नसत. एरवी ते निम्म्यावर थांबे. त्या दिवशी थांबलं नाही. आवाज जाड होत गेला, मग कोंडल्यासारखा झाला, आणि मग येईनासाच झाला. गल्लीतली कुत्री एकेक करून उठली आणि दुसऱ्या गल्लीत गेली. कुत्र्यांना निमंत्रणपत्रिका नव्हती, त्यामुळे त्यांना जाता आलं.

अभियंता पंपघरात शिरला. “बंद कर पंप.”

“करतो की,” पंपवाला म्हणाला आणि विजेच्या पेटीवरचं कुलूप दाखवलं. “किल्ली आप्पांनी नेली. म्हणाले, इंजिनिअरसाहेबांची तब्येत नाजूक आहे, त्यांना उगाच दगदग नको.”

व्यासपीठ टाकीच्या खालीच उभारलं होतं, म्हणजे फोटोत दोन्ही येतील. खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. मंत्री आले, बोलले, आणि त्यांनी कळ दाबली. कळीला एक हिरवा दिवा जोडलेला होता, बाकी काही नाही. दिवा लागला. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी माना वर केल्या.

वरून काही पडलं नाही. आप्पांनी घड्याळ पाहिलं. बँडवाल्यांनी तीच धून पुन्हा सुरू केली. आणि मग टाकीच्या मध्याच्या जरा वर, त्या जोडावर, एक काळी रेघ उमटली. ती हळूहळू दोन्ही बाजूंनी पुढे सरकत टाकीच्या मागे गेली आणि तिकडे कुठेतरी स्वतःलाच जाऊन मिळाली. रेघेला थेंब फुटले. थेंबांच्या धारा झाल्या. पाहता पाहता टाकीच्या पोटातून चहूबाजूंनी पाणी कोसळू लागलं, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मंत्री आप्पांच्या कानाशी झुकले. “वरून सांडणार होतं ना?”

“नवीन पद्धत आहे, साहेब. मधूनच सांडतं.” आप्पांनी माईक अभियंत्याच्या हातात कोंबला. “आमचे अभियंते समजावून सांगतील.”

अभियंत्याने माईक धरला. समोर गच्चीत ताई हाताची घडी घालून उभी होती. तिच्यामागे भाऊजी, खुर्चीत. शेजारच्या गच्चीत शेजारीण आणि पोटावर हात ठेवून तिची सून. शिंपी दुकानाच्या पायरीवर. एवढी सगळी माणसं एका वाक्याच्या अंतरावर उभी होती.

“टाकी सुस्थितीत नाही,” तो म्हणाला. “माझा दाखला चुकीचा आहे. खांब कुजलेत. सगळ्यांनी गल्ली रिकामी करा. आत्ताच्या आत्ता.”

नोकरी लागल्यापासून इतकं सरळ तो कधीच बोलला नव्हता. त्यात एकही ‘तथापि’ नव्हता.

मंत्री तेवढे तत्काळ रिकामे झाले. अंगरक्षकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं, आणि आप्पा “साहेब, साहेब” करत मागे धावताना किल्ली टेबलावरच विसरले. गल्ली मात्र रिकामी झाली नाही. गल्ली भरली. आकाशातून स्वच्छ पाणी पडतंय, पाळी नाही, रांग नाही. जो तो घरात धावला आणि बादली, टब, पिंप, हाताला लागेल ते घेऊन टाकीखाली आला.

अभियंत्याने किल्ली उचलली. पंपघराकडे पळता पळता तो ओरडत होता, “निघा इथून! अहो, निघा!”

“साहेब, बाजूला व्हा,” शिंपी म्हणाला. “धार अडतेय.”

पंप थांबला. तो परत बाहेर आला तेव्हा वर कुठेतरी बोटं मोडल्यासारखा आवाज झाला, आणि कपाटाएवढा एक तुकडा खांबापासून सुटून पांढऱ्या अभ्र्यांच्या पहिल्या रांगेवर आदळला. त्या खुर्च्या मान्यवरांसाठी टाकीला सगळ्यात जवळ राखीव होत्या, म्हणून वाचल्या नाहीत, आणि मान्यवर आधीच पळालेले, म्हणून कुणी मेलंही नाही. लोकांनी एकदा वर पाहिलं. मग लोकांनी बादल्या थोड्या डावीकडे सरकवल्या.

ताई पुढेच होती, टब घेऊन. त्याने तिचा दंड धरला. “चल! सांगितलं ना मी सगळ्यांना?”

“ऐकलं मी. चांगलं बोललास.” तिने आजूबाजूला पाहिलं. “पण निघालंय का कुणी?”

तो तिथेच उभा राहिला, एका हातात तिचा दंड आणि दुसऱ्या हातात टबाची कड. पाण्याची पातळी जोडापर्यंत उतरली तशा धारा बारीक झाल्या, मग थेंब झाले, मग नुसती ओल उरली. टाकी पुन्हा निम्मी झाली होती. लोक पाणी घेऊन घरी गेले.

आप्पांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाजात राग नव्हता, आणि त्याची अभियंत्याला जास्त भीती वाटली.

“छान बोललात काल. ‘धोकादायक टाकी’ म्हणून नवीन शीर्ष निघालंय म्हणे, मी चौकशी केली. पण सुस्थितीचा दाखला असलेल्या टाकीला ते लागू नाही. नियमच तसा आहे.”

“मी दाखला मागे घेतो.”

“मागे घ्यायचा नमुना नाही हो, देण्याचाच आहे. तेव्हा सध्या तो जोड बुजवून घेऊ. गळती दुरुस्तीचं शीर्ष उघडं आहे.”

“आप्पा, जोड गळला म्हणून टाकी उभी राहिली. तो बुजवला तर पूर्ण भरेल.”

“तेच तर!” आप्पा मनापासून आनंदले.

“मी सही करणार नाही.”

“नका करू. तुमची बदली झालीय, ऑर्डर निघतेच आहे. नवीन येतायत ते तरुण आहेत. समजूतदार आहेत असं ऐकलं.”

संध्याकाळी अभियंता अंथरुणाची वळकटी काखेत मारून ताईच्या दारात उभा राहिला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं, आणि काही न विचारता खाट भिंतीकडे सरकवली. भाऊजी म्हणाले, “घोरत असलास तर बाहेर.” गच्चीत काहीतरी टपकन पडलं. तिघांनी वर पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला आणि टाकी तेवढीच हलकी होईल म्हणून नळ सोडून बसला. पाणी आलं नाही. त्या गल्लीचा तो पाण्याचा दिवस नव्हता.