हजारात पाचशे

दोन हजार बारा साल. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. धाकट्या बहिणीची मुलगी तिथेच पीएचडी करत होती. तिचा क्वांटम संगणक म्हणजे पिंपाएवढा गोठवणारा डबा आणि त्याच्या तळाशी नखाएवढी चिप. मार्चअखेर समिती येणार होती. यंत्र बरोबर उत्तर देतं हे दिसलं तर तिचा प्रबंध पुढे सरकणार, नाहीतर यंत्र दुसऱ्या गटाला जाणार.

एकच गणित हजारदा करायचं आणि दर वेळी शून्य आलं की एक, ते मोजायचं. यायला हवं बहुतेक वेळा एक, पण आकडा ठरलेला: पाचशे वेळा शून्य, पाचशे वेळा एक. तीन महिने! पोरीने तारा बदलल्या, मी सांध्यांना पुन्हा डाख दिला. दर खेपेला डबा गार व्हायला दोन दिवस, आणि मग पुन्हा पाचशे. तिचे मार्गदर्शक सर डोकावून म्हणायचे, "नाणं उडवलं असतं तर वीज तरी वाचली असती." ती दातओठ खायची. मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटे.

समितीला दोन दिवस उरले तेव्हा ती पल्सची यादी मोठ्याने वाचायला बसली. पल्स म्हणजे चिपला क्रमाने द्यायचे लहरींचे छोटे धक्के. यादी संगणकात भरायचं काम माझं.

"मावशी, शेवटची कुठंय?"

"ती? डिसेंबरात काढली. गणित तिच्या आधीच संपतं ना? उगाच शेपूट कशाला!"

तिने डोकं धरलं. "अगं, यंत्र शून्य की एक एवढंच विचारू शकतं. आपलं उत्तर त्या प्रश्नात नाहीच, म्हणून निम्मं-निम्मं येतं. आपला ऑब्झर्वेबल, म्हणजे मोजायची गोष्टच, वेगळी आहे. शेवटची पल्स उत्तराला वळवून त्या प्रश्नासमोर आणते."

"म्हणजे उत्तर रोज तयार होत होतं?"

"रोज! आपण भलतंच विचारत होतो."

पल्स परत घातली. हजारात नऊशे चाळीस वेळा एक.

पण समितीला दोन आठवड्यांचे आकडे लागत. मी 'चूक माझी, मुदत वाढवा' असं पत्र लिहून सरांकडे नेलं. सर हसले. "बाई, भाचीसाठी मावशीचं पत्र? समिती हसेल मला."

"खोटं आहे का ते?"

"खरं असेल. पण तुम्ही मावशी आहात."

पत्र पुढे गेलंच नाही. यंत्र दुसऱ्या गटाला गेलं. त्यांनी आमचीच यादी वापरून वर्षभरात लेख छापला, आभारांतसुद्धा आमचं नाव नाही. सर संचालक झाले, आता मुलाकडे राहतात. मी दोन हजार चौदात निवृत्त झाले. भाचीने प्रबंध सोडला आणि वजनकाटे तपासणाऱ्या कंपनीत लागली. आज तिथली प्रमुख आहे. तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "तू नुसती भरत होतीस गं मावशी. वाचून बघायला मी हवं होतं." तीस वर्षं त्या यंत्रांत घालवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. आणि ते शेपूट तर मीच काढलं होतं.