डॉर्कससाठी राखलेली जागा

मी थडग्याचा दगड बोलतो आहे. हॅझलकोटच्या चर्चच्या आवारात, उन्हाच्या बाजूला उभा आहे. साधा दगड नव्हे. चारी अंगांना कोरलेली फळे, वर लोकरीचे गठ्ठे रचावेत तसे झाकण. ज्यांची लोकर समुद्रापार जायची त्यांनाच असे थडगे मिळायचे. बाकीच्यांना भिंतीकडचे गवत.

लोक मला ठोकून पाहतात. आत हाडे आहेत असे त्यांना वाटते. मी आतून पोकळ आहे. माणूस खाली मातीत असतो. मी त्याचे नाव धरून उभा राहतो, एवढेच.

त्याआधी मी समुद्राचा तळ होतो. अंगात अजून शिंपल्या आहेत. समुद्र हटला, त्या जागी डोंगर झाला. एवढे पाहिल्यावर सहसा कशाचे नवल वाटत नाही. एका बाईचे वाटले. अजून वाटते.

अँब्रोज टॉनी हा लोकरीचा व्यापारी वारला तेव्हा मला खाणीतून काढले. त्याचा भाऊ जोसाया मला घडवून घेत होता. सिलास पाथरवटाने अँब्रोजचे नाव कोरले. त्याची तरुण विधवा डॉर्कस बाजूला उभी होती.

"वहिनींचंही आत्ताच घाल," जोसाया म्हणाला.

"भावजी, मी अजून दोन वेळ जेवते."

"आज ना उद्या लागणारच आहे."

सिलास म्हणाला, "दगड ओला आहे, बाईसाहेब. आत्ता चीज कापावं तसा कापतो. वारा लागून टणक झाला की छिन्नी रडते."

"मग कोरा. पण ओळ सरळ येऊ द्या. तुमच्या सासूच्या दगडावरची घसरगुंडी पाहिलीय मी."

'त्याची पत्नी डॉर्कस' असे उमटले. जन्माचे साल उमटले. पुढे 'मृत्यू' आणि मोकळी जागा. त्या जागेवर हात ठेवून जोसाया म्हणाला, "आता तुमचं ठिकाण पक्कं झालं."

अँब्रोजने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते: विधवा राहील तोवर घर तिचे.

डॉर्कस रोज दुपारी यायची. माझ्यावर पाव आणि चीज मांडून, स्वतःच्या नावाला पाठ टेकून खायची. एका वसंतात आवाराची भिंत ढासळली. ती रचायला रूबेन नावाचा गडी आला. चुना न लावता, दगडावर दगड बसवणारा. तो तिच्या पावातला तुकडा मागू लागला. मग मागायचे बंद झाले. ती आपणहून दोघांपुरता आणू लागली.

एक दिवस तो म्हणाला, "लग्नाचं विचारलं असतं. पण मेलेल्या बाईला विचारून चालतं का?"

"मेली कोण?"

"हे काय, नाव कोरलंय की."

"वाचता येत नाही वाटतं तुला. तारीख कुठाय?"

लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे पाद्र्याने प्रार्थनेच्या वेळी दोघांची नावे वाचली आणि या लग्नाला कुणाची हरकत आहे का असे विचारले. दार उघडे होते. जोसायाचा आवाज मला ऐकू आला.

"माझी हरकत आहे. या बाईचं नाव माझ्या भावाच्या थडग्यावर आहे."

"थडग्याची हरकत आम्ही धरत नाही," पाद्री म्हणाला. लोक खो खो हसले. मला ते आवडले नाही.

जोसाया तिच्यामागे बाहेर आला. "घर जाईल. वर छप्पर नसलेल्या माणसाबरोबर जाताय."

"भिंती तर येतात ना त्याला," ती म्हणाली. तिने घराची किल्ली माझ्यावर ठेवली. मग ती चालू लागली.

समुद्राला हलायला किती काळ लागला हे मी पाहिले आहे. ही क्षणात हलली, किल्लीचा आवाज विरायच्या आत.

पुष्कळ वर्षांनी एका हिवाळ्यात ती वारली. जोसाया तेव्हा काठी टेकत चालायचा. तो रूबेनला म्हणाला, "तिला इथे आण. तिची जागा तशीच आहे. तिकडे गवतात दगड नाही, नाव नाही. उद्या कुठे पुरली ते कळायचं नाही."

"मला कळेल," रूबेन म्हणाला.

त्याने तिला भिंतीकडे नेले. पुढे तोही तिथेच गेला. ज्याला ठाऊक होते, तो असा संपला.

आता लोक येतात. माझ्यावरचे शेवाळ खरवडून वाचतात आणि बुचकळ्यात पडतात. "ही मेलीच नाही का?" असे एका मुलीने आईला विचारले.

माझी अक्षरे आता झिजत चालली आहेत. मी टिकण्यासाठी घडलो होतो, आणि माझ्यावर जे लिहिले ते तिने पायांनी चालत जाऊन खोटे ठरवले. मी तिच्यापुढे लहान आहे. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणालो नाही.

माझ्यापाशी थांबलात, बरे वाटले. फुले आणली असतील तर इथे ठेवू नका. भिंतीकडे जा, आणि गवतावर पाऊल हलके टाका. नेमकी जागा मला दिसते. पण ती मी सांगणार नाही. ती त्या दोघांची आहे.