तीन नंबरची वायर आणि चार नळ्यांचा पंजा

मित्रांनो, जरा मान वर करा. हरिहर मिस्त्रींच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात, दाराशेजारच्या खिळ्याला हातभर लांबीची एक काळी वायर लटकलेली दिसेल. ती मी. एका जुन्या मोटारीची प्लगची वायर. मला नाव नाही, नुसता नंबर आहे, तीन. आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने मत्सरी आहे. उगाच साळसूदपणाचा आव मला आणता येत नाही.

माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारा, त्यावर जाड रबर आणि त्यावर सुताचं वेष्टण. इंजिनावरच्या काळ्या टोपीतून ठिणगी घ्यायची आणि प्लगपर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम. ठिणगी पोचली की पेट्रोल पेटतं आणि मोटार धावते. आम्ही चौघी बहिणी होतो. शहाडच्या चढावर मोटार धापा टाकायची तेव्हा आम्ही चौघी जिवाचं रान करायचो. पण मोटारीतून उतरणारा माणूस काय म्हणायचा? ‘हॉर्न झकास आहे हो.’ ‘गाद्या मऊ आहेत.’ आमचं नाव कधी कुणी काढलं नाही.

आमचा मालक सहदेव. देशावरच्या एका खेड्यातून आलेला, अंगाने किरकोळ आणि तोंडाने अबोल. कल्याण स्टेशनाबाहेर तो भाड्याची मोटार चालवायचा. ही मोटार त्याने लढाई संपल्यावर छावणीतल्या मोडीतून उचलली होती आणि हरिहर मिस्त्रींच्या हातून उभी केली होती. तिच्यावर त्याचा फार जीव. पण त्याच स्टॅंडवर उत्तमची मोटार लागायची. ती नवी, उंच आणि झटकन सुटणारी. लोक आधी तिच्यात बसायचे. सहदेवच्या पोटात दुखायचं. मला ते बरोबर कळायचं. त्या दुखण्याची मला चांगली ओळख आहे.

चोपन्न सालच्या चैत्रात सहदेव मिस्त्रींकडे येऊन बसला. म्हणाला, “मिस्त्री, माझी गाडी उत्तमच्या पुढं पळाली पाहिजे. काय करायचं ते करा.”

मिस्त्रींनी बाजारातून नळ्या आणल्या, भट्टीत तापवून वाकवल्या आणि धूर बाहेर टाकणारा बिडाचा जुना ठोकळा काढून त्या जागी चार नळ्यांचा एक पंजा बसवला. चार बोटं पसरल्यासारख्या त्या नळ्या खाली येऊन एका जाड नळीत मिळायच्या. धूर मोकळा झाला, मोटारीला जोर आला आणि आवाज असा घुमू लागला, की स्टेशनबाहेरचे टांगेवाले वळून बघायला लागले.

आणि मित्रांनो, तिथून माझ्या वैतागाचे दिवस सुरू झाले.

जो तो यायचा आणि सहदेवला सांगायचा, “बॉनेट उघड रे, पंजा बघू.” सहदेव रोज सकाळी फडक्याने त्या नळ्या पुसायचा. आमच्यावर बोटभर धूळ, तिकडे त्याची नजर जात नव्हती. ठिणगी आम्ही पोचवायची आणि धूर सोडणाऱ्याची आरती! रात्रंदिवस माझ्या मनात तेच. मला एकदा तरी त्या पंजाच्या जागी बसायचं होतं, निदान त्याच्या मांडीला मांडी लावून.

मिस्त्रींनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सहदेव, या नळ्या लाल होईपर्यंत तापतात. वायरी चार बोटं लांब राहिल्या पाहिजेत आणि एकमेकींपासूनही सुट्या. आत्ता मी नुसत्या वरून टाकल्यात. उद्या ये, लाकडी पट्टी करून त्यात एकेक अडकवून देतो.”

“येतो की,” सहदेव म्हणाला. पण उद्या स्टॅंडवर उत्तमच्या आधी पोचायचं होतं. परवाही तेच. पट्टी राहून गेली.

वैशाखात शहाडच्या सुधीरचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडच्या बाळकुमची, उत्तरा. सुधीर कारकून होता, साधा मुलगा. नवरदेवाची मोटार आपलीच असावी म्हणून सहदेव आणि उत्तम दोघांनीही त्यांच्या घरी खेपा घातल्या. पंजाचा आवाज ऐकून सुधीर हसला आणि सहदेवला हो म्हणाला. बायकामाणसं उत्तमच्या मोटारीत बसणार होती. सहदेव त्या रात्री जेवला नाही, इतका खूष होता.

लग्नाच्या सकाळी सुधीरची आत्या, रंगूबाई, ताट घेऊन मोटारीपाशी आली. शहाड भागात तिचा शब्द खाली पडत नसे. चाकांना हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग म्हणाली, “सहदेवा, तुझं ते नवं लोखंड कुठे आहे? त्यालाही लावू दे.”

सहदेवने छाती फुगवून बॉनेट उघडलं. पंजाच्या चारही बोटांना हळदकुंकू लागलं. मी बघत होते. मला लावाल? छे! उलट आत्याबाईंनी आमच्याकडे बघून नाक मुरडलं. “या काय झिंज्यांसारख्या लोंबताहेत? शुभकार्याला असं बरं दिसतं का?” आणि त्यांनी आम्हा चौघींना मुठीत धरून पीळ दिला, लाल नाडा गुंडाळला आणि पंजाच्या नळीला घट्ट गाठ मारली.

सहदेवचा हात पुढे आला. “आत्याबाई, तिथं नको...”

“सवाष्णीने मारलेली गाठ आहे. अक्षता पडेपर्यंत सोडायची नाही,” रंगूबाई म्हणाली. चारचौघांत, वडीलधाऱ्या बाईपुढे सहदेव काय बोलणार? त्याने बॉनेट बंद केलं.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. अंगावर लाल नाडा, अंगाला अंग लावून पंजा. नळी गार होती, तिच्या ओल्या हळदीचा डाग माझ्या सुतावरही उमटला. इतक्या वर्षांत मला लागलेली ती पहिली हळद.

मोटार सुटली. दुर्गाडीचा पूल गेला तोवर ऊब वाटत होती. कोनपाशी चटका बसायला लागला. भिवंडीच्या पुढे माझं सूत काळं पडलं, रबर मऊ होऊन नळीला चिकटलं. मला ओरडताही येत नव्हतं. शिवाय पीळ दिल्यामुळे एकीची ठिणगी दुसरीच्या अंगात शिरत होती. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे माझ्या पोटातली तांब्याची तार उघडी पडून नळीला टेकली. ठिणगी प्लगकडे जायचं सोडून तिथेच विझायला लागली. मोटारीने दोन आचके दिले आणि थांबली.

सहदेवने बॉनेट उघडलं. वास आणि धूर. अकरा सत्तावीसचा मुहूर्त, आणि सुधीरच्या मनगटावर पावणेअकरा. त्याने घड्याळ बघितलं आणि मुंडावळ्या बाजूला सारून विचारलं, “सहदेव, पोचू ना रे?”

सहदेवने गाठीला हात लावला आणि रंगूबाईचा शब्द आठवून मागे घेतला. मागून उत्तमची मोटार येऊन थांबली. सहदेवची मान खाली गेली. तो सुधीरला म्हणाला, “उतरा. उत्तमच्या गाडीत बसा. माझ्या गाडीचं काही खरं नाही.” आणि त्याने स्वतःच दार उघडून धरलं.

उत्तम खाली उतरला, बॉनेटमध्ये वाकला. मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, “वायरी पंजाला कुणी बांधल्या? मिस्त्रींनी चार बोटं सांगितली नव्हती?”

“तुला काय ठाऊक मिस्त्रींनी काय सांगितलं?” सहदेव म्हणाला.

उत्तम कानकोंडा झाला. “गेलेलो मी त्यांच्याकडे. असाच पंजा मलापण करून द्या म्हणालो. महिनाभर तुझ्या नळ्या बघून झोप नाही मला.”

सहदेव त्याच्याकडे बघतच राहिला. मीही. म्हणजे ज्याचा सहदेव हेवा करत होता, तो सहदेवचाच हेवा करत होता!

एवढ्यात उत्तमच्या मोटारीतून रंगूबाई उतरली. माझी दशा तिने बघितली, जळलेला नाडा बघितला. मग म्हणाली, “मीच मारली, मीच सोडते,” आणि पदराने हात गुंडाळून तिने गाठ सोडली. उत्तमने जुन्या ट्यूबची पट्टी कापून माझ्या जखमेवर गुंडाळली. “पण वायरी सुट्या कशा ठेवायच्या?” तो म्हणाला. “पट्टी तर नाही.”

रंगूबाईने पिशवीतून आपली लाकडी फणी काढली. “दात मोडून घ्या हवे तेवढे.”

तिघांनी मिळून फणीचे दात मोडले. फटीफटीतून आम्ही एकेक बहीण बसलो, आणि फणी पंजापासून चार बोटं लांब, वरच्या बोल्टला बांधली. मोटार पहिल्या हिसक्यात सुरू झाली. बाळकुमच्या मांडवात मंगलाष्टकांची सुरुवात आणि आमचं पोचणं एकदमच झालं.

मित्रांनो, परत आल्यावर मिस्त्रींनी मला काढलं आणि माझ्या जागी नवी वायर घातली. त्यानंतर पंजा बघायला येणाऱ्याला सहदेव आधी फणी दाखवायचा. फणीचं एवढं कौतुक! त्या वेळी मला काय वाटलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढे ती मोटारही मोडीत गेली, आणि पंजा माझ्याच खिळ्याखाली येऊन पडला. आता तो गंजलाय, त्याची धग केव्हाच गेली.

नवा माणूस मोटार घेऊन आला की मिस्त्री मला खिळ्यावरून काढतात, माझा काळा पडलेला भाग त्याच्या बोटांना लावतात आणि म्हणतात, “हे बघ आणि चार बोटं मोज.” तुमच्या घरी मोटार असेल तर तुम्हीही मोजा. कुणी कितीही मायेने बांधलं असलं, तरी गाठ वेळेवर सोडा.

माझ्या सुतावर काळ्या डागाशेजारी एक पिवळा डाग अजून आहे. तो पुसू नका, एवढीच विनंती. पंजाची हळद गंजात गेली. माझी राहिली आहे.