मूक चाचणीचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. समुद्रकाठच्या वस्तीतल्या उंच बर्फखान्याच्या छपरावर माझा मुक्काम. भूकंपानंतर राक्षसी लाट येत असल्याचा निरोप मिळाला की ओरडायचे, एवढ्यासाठीच कारखान्यात माझा पत्रा वाकवला गेला. निरोप आणि लाट यांच्यामध्ये बावीस मिनिटे मिळतील, असे जाणकारांनी मोजून ठेवले होते.

माझी देखभाल वायरमनबाई करीत असे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मला वाजवी आणि सारी वस्ती हातातले काम टाकून टेकडी चढे. पहिला कोण आला, हे ती कधीच विचारीत नसे. सर्वांत मागच्या माणसाची वेळ ती भिंतीवर खडूने लिही. तीच वस्तीची वेळ. हे मागचे माणूस म्हणजे तिचीच सासू, जाळी विणणारी म्हातारी.

“सूनबाई, आज किती गं?”

“एकोणीस मिनिटं, आई.”

“मागल्या खेपेला वीस होती. बघ, मी तरुण व्हायला लागले!”

“मग पुढच्या महिन्यात तुम्हीच मला ओढा, आजी,” तिला हात देणारा पाववाला धापा टाकीत म्हणे.

पुढे किनाऱ्यावर हॉटेले आली आणि कचेरीत नवे साहेब आले.

“बाई, पाहुणे दचकतात. यापुढे मूक चाचणी घ्या. तार सोडवून ठेवा, बटण दाबा, दिवा लागला की झालं.”

“साहेब, हे म्हणजे न जेवताच ढेकर देणं झालं.”

“लेखी आदेश हवाय का?”

तो आलाच. दीड वर्षात माझ्या अठरा चाचण्या यशस्वी झाल्या. वाजत होतो तेव्हा इतके निर्भेळ यश मला कधी लाभले नव्हते. टेकडीच्या वाटेवर गवत माजले.

एका दुपारी जमीन हलली, ती कपातला चहा हिंदकळण्याइतकीच. कोणी उठले नाही. निरोप आला. साहेबांनी बटण दाबले. दिवा लागला. मी गप्प.

वायरमनबाई शिडी चढून आली. तार जोडायचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता; त्याने सहा मिनिटे खाल्ली. शेवटी तिने तार पकडीने दाबून धरली आणि मी ओरडलो. पकड सुटली की मी मुका होणार होतो.

वस्ती धावत सुटली. आजीला सुनेने नेले असेल, असे पाववाल्याला वाटले. गेले दीड वर्षही त्याने दर महिन्याला हात दिला असता, तर तसे वाटले नसते. छपरावरून सुनेला गल्ली स्पष्ट दिसत होती. आजी भिंतीला धरून, एकटीच, न थांबता चालत होती. सोळा मिनिटे सुनेने पकड सोडली नाही.

वस्ती वाचली. आजी वाचली नाही.

‘भोंगा वाजला’ असे चौकशीच्या अहवालात लिहिले आहे, आणि ते खोटे नाही. मला नवा रंगही मिळाला. मित्रांनो, मला चमकवू नका. महिन्यातून एकदा तुमची झोप मोडू द्या, आणि चढताना मागे कोण राहिले ते वळून पाहा.

आता पुन्हा सोमवारी सारे टेकडी चढतात. सर्वांत मागे वायरमनबाई असते. तिच्या पायांना काहीही झालेले नाही.